दाखल झालं कधी म्हणायचं?

मी वकिली सुरू केली तेव्हा आमच्या तालुक्याच्या कोर्टात फाईलिंगच्या टेबलावर एक भाऊसाहेब बसायचे. अकरा वाजता समोर रांग लागायची. वकिलांचे कारकून, आमच्यासारखे ज्युनिअर, कधी एखादा पक्षकार स्वतः. भाऊसाहेब ओल्या स्पंजवर बोट टेकवून दाव्याची पानं भराभर उलटायचे. मधला मजकूर ते वाचत नसत, त्यांची नजर कडेकडेनं फिरायची. वकीलपत्रावर वेल्फेअरचं, म्हणजे वकील कल्याण निधीचं, तिकीट आहे का, पत्त्याचा मेमो जोडलाय का, कागदयादीत लिहिलेले कागद खरोखर मागे आहेत का, सत्यापनाखाली सही आहे का. "मॅडम, पान चारवर अशिलाची सही राहिली." अशील मागेच उभा असायचा. तो पुढे होऊन तिथल्या तिथं सही करायचा, नाहीतर अंगठा द्यायचा. मग गोल शिक्का उमटायचा, त्यात त्या दिवसाची तारीख.

त्या शिक्क्याची खरी किंमत मला फार उशिरा कळली, तो मिळेनासा झाल्यावर.

आता प्रकरण ई-फाईल करायचं. मजकुराची पीडीएफ, कागदपत्रांचं स्कॅनिंग, पानांना क्रमांक, अनुक्रमणिका, आधारच्या ओटीपीवर सही, कोर्ट फीचं ऑनलाईन चलन, मग अपलोड. पलीकडे कोणीतरी ते तपासतं. आक्षेप निघाला की प्रकरण परत येतं. दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं, पुन्हा वाट पाहायची. सगळं जमलं की रजिस्टरला नोंद होऊन नंबर पडतो. माझा प्रश्न एवढाच आहे, की या सगळ्यात प्रकरण दाखल झालं असं कोणत्या क्षणी म्हणायचं? माझ्या मते, पहिल्यांदा अपलोड झालं त्या क्षणी. आक्षेप किती का निघेनात, ते नंतर निस्तरता येतात. पक्षकाराची तारीख मात्र त्या पहिल्या दिवशी पक्की व्हायला हवी. आणि ज्याला अपलोड जमत नाही त्याच्यासाठी कोर्टातलं टेबल आणि टेबलामागचा माणूस शाबूत राहायला हवा.

हे मी एका बाईमुळे लिहिते आहे. शेतमजुरी करणारी, पन्नाशीच्या अलीकडची. नवऱ्यानं टाकलेली, महिना ३,००० रुपये पोटगीचा आदेश हातात, आणि जवळजवळ वर्षभर त्यातला एक पैसा मिळालेला नाही. पोटगीच्या कायद्यात एक अट आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली आहे. थकलेली रक्कम ज्या दिवशी देय झाली, त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. नाही केला तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. म्हणजे पोटगीचा प्रत्येक महिना आपापली मुदत घेऊन येतो, आणि मुदत उलटली की तो महिना गळतो.

तिच्या आदेशात दर महिन्याची दहा तारीख होती. थकबाकीतला सगळ्यात जुना हप्ता एप्रिलचा. ती माझ्याकडे आली पुढच्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे मुदतीच्या आत दोन आठवडे राखून. २८ मार्चला मी अर्ज अपलोड केला. चार दिवसांनी परत आला. आदेशाच्या नकलेचं स्कॅनिंग अस्पष्ट होतं. ती नक्कलच मुळात झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखी पुसट होती, तरी उजेडात धरून पुन्हा स्कॅन केली. दुसऱ्यांदा परत आला, कारण अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे नव्या स्कॅनशी जुळेनात. हा आक्षेप खरा होता, चूक माझी होती. पण सही पुन्हा करायची म्हटल्यावर ओटीपी लागला, आणि तिच्या आधारला जोडलेला नंबर पुतण्याचा, पुतण्या ऊसतोडीला गेलेला, फोन बंद. मध्ये सुट्ट्या आल्या. अर्जाला नंबर पडला १९ एप्रिलला आणि रजिस्टरला तारीख लागली तीच. आदल्या वर्षीच्या एप्रिलचा हप्ता मुदतीबाहेर गेला.

समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला ते दाखवून दिलं, त्यांचं ते कामच आहे. अपलोडची पहिली तारीख धरावी असा मी अर्ज दिला. त्यावर म्हणणं मागवलं गेलं, दोन तारखा त्यातच गेल्या. प्रत्येक तारखेला तिची मजुरी बुडत होती. शेवटी तीच म्हणाली, "सोडा ताई तेवढं. बाकीचे तरी मिळू द्या." मग जाता जाता तिनं विचारलं, "पण मी तर टायमाला आले होते ना?"

टायमालाच आली होती. आणि कायदाही तिच्या बाजूनं आहे, हे मला लोकांना सांगायचं आहे, कारण हा सगळा घोळ कायद्यामुळे झालेला नाही. मुदत कायदा १९६३ चा. त्याच्या कलम ३ नुसार दावा योग्य अधिकाऱ्यापुढे सादर झाला की तो दाखल झाला. तपासून, आक्षेप निघून, नंबर पडून झाल्यावर दाखल होतो असं त्यात म्हटलेलं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ मध्ये तर एक पाऊल पुढे जाऊन सांगितलंय की कोर्ट फी कमी पडली असेल तर ती नंतर भरायची परवानगी कोर्ट देऊ शकतं, आणि भरली की ती पहिल्याच दिवशी भरली असं समजायचं. फी म्हणजे सरकारी तिजोरीचा पैसा. त्यातली उणीवसुद्धा मागाहून भरून निघते आणि तारीख वाचते, तर पुसट स्कॅनिंगमुळे तारीख का जावी?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पोचला कधी म्हणायचं याचाच नियम दिलाय. घेणाऱ्यानं एखादी संगणक यंत्रणा त्यासाठी ठरवून दिली असेल आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर अभिलेख त्या यंत्रणेत शिरला की पोचला. कोर्टानं पोर्टल ठरवून दिलंय. अर्ज त्यात शिरलाय. पावतीवर मिनिट-सेकंदासह वेळ छापलेली आहे. जुन्या शिक्क्यात फक्त तारीख असायची, या पावतीत सेकंदसुद्धा आहे. पुरावा पूर्वीपेक्षा पक्का झाला आणि हक्क मात्र ढिला पडला, हे मला पटत नाही.

घोटाळा कुठं झाला ते सांगते. टेबलावर दोन कामं एकाच वेळी व्हायची, एक स्वीकारण्याचं आणि दुसरं तपासण्याचं. भाऊसाहेब तपासता तपासता स्वीकारायचे, उणीव तिथंच दुरुस्त व्हायची, म्हणून ही कामं वेगळी आहेत हे कुणाला जाणवलंच नाही. संगणकावर हे काम चढवताना तपासणीला दरवाजा केलं गेलं आणि स्वीकारणं दरवाजाच्या आत ठेवलं गेलं. पूर्वी दोन मिनिटांत निघणारी उणीव आता चार-चार दिवस घेते, आणि त्या दिवसांचा भार पडतो ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर.

बदलाला वकिलांचा विरोध असतोच, त्यांना जुन्या सवयी सोडवत नाहीत, असं म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. आमच्यातले कितीतरी जण अजून टायपिस्टच्या भरवशावर आहेत. पण मी ई-फाईलिंगच्या विरोधात नाही, आणि जुन्या टेबलाचे गोडवे गायलाही बसलेले नाही. त्या टेबलावर चहापाणी चालायचं. ओळखीच्या वकिलाचा दावा वरती यायचा, अनोळखी माणसाला उद्या या म्हणून सांगायचे. फाईल सापडत नाही, हे वाक्य ऐकून माझी काही वर्षं गेली आहेत. आज प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक आहे, महाराष्ट्रातला असेल तर एमएचनं सुरू होणारा. तो मोबाईलवर टाकला की पुढची तारीख, रोजनामा (कोर्टात त्या दिवशी काय झालं त्याची नोंद), आदेश दिसतात. माझा अशील एसटीनं दोन तास प्रवास करून फक्त तारीख विचारायला यायचा, ते थांबलं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती परत जाऊ नये.

सातबाऱ्याचं उदाहरण लोक नेहमी देतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही, मग कोर्टातच एवढी ओरड का? कारण सातबारा आपण सरकारकडून घेतो. आज सर्व्हर बंद असला तर उद्या काढू, उद्याही तो तोच असतो. दावा आपण कोर्टाला देतो, आणि आज नाही दिला तर उद्या तो कदाचित मुदतबाह्य असतो. अपिलाला आणि अर्जांना मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफ होऊ शकतो, दाव्याला ते कलम लागू नाही. हातउसने दिलेल्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. तिच्या शेवटच्या संध्याकाळी पोर्टल फिरत राहिलं तर रक्कम गेली. ते पोर्टल कुणामुळे बंद होतं याची चौकशी होईल न होईल, पैसे गेले ते गेले.

याचंही उत्तर कायद्यात आधीपासून आहे. मुदतीचा शेवटचा दिवस कोर्ट बंद असण्याचा असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, हे मुदत कायद्याचं कलम ४. त्याखालचं स्पष्टीकरण तर फार सुंदर आहे. कामकाजाच्या वेळेतला काही भाग जरी कोर्ट बंद राहिलं, तरी त्या दिवशी ते बंद होतं असं समजायचं. दाखल करायचा मुख्य रस्ता पोर्टलमधून जात असेल, तर पोर्टल बंद म्हणजे कोर्टाचं दार बंद. ज्या तासांत यंत्रणा चालली नाही त्यांची नोंद रोज जाहीर व्हावी आणि त्या दिवसाला कलम ४ आपोआप लागू व्हावं. प्रत्येक पक्षकाराला स्क्रीनचा फोटो काढून शपथपत्र करायला लावू नये. कोरोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला होता. दार बंद असताना घड्याळ चालू ठेवणं अन्याय आहे, हे तेव्हा सगळ्यांना एकदम समजलं होतं.

भाषेचा मुद्दा मी कमी ठिकाणी ऐकते, म्हणून इथं मांडते. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. तालुक्याला बहुतेक दावे, कैफियती, शपथपत्रं मराठीतच असतात. ती टाईप होतात कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टकडे, आणि त्यातले अनेक अजून कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत काम करतात. त्या फाईलची पीडीएफ केली तर कागदावर मराठी दिसते, संगणकाला मात्र आत इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. शोधता येत नाही, मजकूर उचलता येत नाही. मग प्रिंट काढून स्कॅन करायचं, म्हणजे अक्षरांचं पुन्हा चित्र झालं. नावांचंही तसंच. यंत्रणेत नाव एका स्पेलिंगनं चढलं आणि माणसानं दुसऱ्यानं शोधलं, तर त्याचं प्रकरण त्याला सापडत नाही. टायपिस्टला युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणारं मराठी टायपिंग, शिकवायला आठवड्याभराचं शिबिर पुरे. आक्षेप मराठीत, पूर्ण वाक्यात आणि सगळे एकाच वेळी यावेत, यालाही काही मोठा खर्च नाही. 'डॉक्युमेंट नॉट प्रॉपर' एवढं वाचून कुणी काय दुरुस्त करावं?

पैसा नाही असं तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयात ई-फाईलिंग २००६ मध्ये सुरू झालं. ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ चा. तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळानं १३ सप्टेंबर २०२३ ला मंजुरी दिली, चार वर्षांसाठी ७,२१० कोटी रुपयांची. त्यात जुनी प्रकरणं स्कॅन करून जपायला दोन हजार कोटींच्या वर आणि ई-सेवा केंद्रांसाठी, म्हणजे कोर्टात पक्षकाराला ई-फाईलिंगला मदत करणाऱ्या केंद्रांसाठी, चारशे कोटींच्या आसपास तरतूद आहे. नागपूरला २०२० मध्ये 'न्याय कौशल' हे ई-रिसोर्स केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं म्हणून त्याचा गौरव झाला, आणि तो योग्यच होता. जिथून कोणत्याही पक्षकाराला दाखल करता यावं अशी जागा, ही कल्पना चांगली आहे.

पण जागा म्हणजे माणूस नव्हे. मी पाहिलेल्या ई-सेवा केंद्रांत कधी खोलीला कुलूप असतं, कधी आत बसलेला कनिष्ठ लिपिक दुसऱ्या विभागातून ओढून आणलेला असतो आणि तिकडून हाक आली की उठून जातो. त्याचा दोष नाही. त्याच लिपिकाला बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) तयार करायचा आहे, समन्स काढायची आहेत, नकला द्यायच्या आहेत, रोजनामा संगणकात चढवायचा आहे, आणि ई-फाईल झालेल्या प्रकरणाची कागदी प्रतही पुन्हा फाईलला लावायची आहे. हो, कागदी प्रत अजून मागतातच. आमच्याकडे एकच दावा दोनदा दाखल होतो, एकदा तारेवरून आणि एकदा गठ्ठ्यातून. संगणकानं कर्मचाऱ्याचं काम हलकं होईल असं सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते दुप्पट झालं.

मला हवा असलेला बदल छोटा आहे आणि त्याला संसदेत जावं लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४ नियम १ प्रमाणे दावा सादर करायचा तो कोर्टाकडे किंवा कोर्टानं त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. ई-सेवा केंद्रातल्या लिपिकालाच असा अधिकारी नेमा. त्याचं पद कायमचं ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका. कागद घेऊन जो कोर्टाच्या वेळेत त्याच्यासमोर आला, त्याला तारखेची पावती तिथंच द्या. स्कॅनिंग, अपलोड, बुकमार्क हे पुढचं काम कोर्टाचं. पोर्टलवरून पाठवणाऱ्याला पहिल्या अपलोडची तारीख द्या, आणि आक्षेप दूर करायला ठरावीक दिवस द्या. त्या दिवसांत आक्षेप दूर झाले नाहीत तर प्रकरण खुशाल न्यायाधीशांसमोर ठेवा. नाकारायचं असेल तर न्यायाधीशांनी नाकारावं, कारण लिहून, ज्याविरुद्ध वर जाता येईल असा आदेश करून. स्क्रीनवरच्या लाल अक्षरांविरुद्ध अपील करता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२७ नं खालच्या न्यायालयांच्या कामकाजाचे नियम करायचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. एका नियमानं हे होण्यासारखं आहे.

याचा गैरफायदा घेतला जाईल, अर्धवट कागद टाकून लोक तारीख पकडून ठेवतील, अशी भीती एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बोलून दाखवली. घेतील काही जण. मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोरा कागदही कुणी टाकेल. पण कोऱ्या कागदाला दावा म्हणत नाहीत, हे ओळखायला न्यायाधीश बसलेले आहेत. अशा दहा लबाडांना अडवण्यासाठी एका पोटगीवालीचा महिना घ्यायचा का, हे आधी ठरवावं लागेल. माझं ठरलेलं आहे.

ज्या माणसाकडे वकील आहे तो कसातरी निभावतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, कोठडीतल्या माणसाला, दिव्यांगांना मोफत वकील मिळतो. पण तो मागायचाही अर्ज कुठंतरी द्यावा लागतो, आणि तो घेणारा, वाचणारा, "सही राहिली" म्हणणारा माणूस समोर असावा लागतो. आमच्या भाऊसाहेबांना निवृत्तीआधी स्कॅनिंगच्या खोलीत बसवलं होतं. तिथंही ते पान मशीनखाली सरकवण्याआधी उलटून पाहायचे, आणि पाठीमागं काही लिहिलेलं असलं तर वकिलाला बोलावून घ्यायचे. ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

सध्या मी पोटगीच्या प्रत्येक अशिलाला सांगते, सहा महिने थकले की या, वर्ष भरायची वाट पाहू नका. त्या ऐकतात, मान डोलावतात. मग त्यांच्यातली एखादी हिशेब करते, की येण्याजाण्याचं भाडं, दोन दिवसांची मजुरी, स्कॅनिंगचे पैसे, आणि हे वर्षातून एकदा करायचं ते आता दोनदा. "कायद्यानं वर्ष दिलंय ना?" असं तिनं विचारलं की मी हो म्हणते, आणि तरीही सहाव्या महिन्यालाच यायला सांगते.